एका बागेत तीन जमिनी: मातीचा नकाशा यंत्राने काढावा की पहारीने?

गडग्याआडून | ६ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

देवगड तालुक्यात आमची आठ एकरांची बाग. २४ रांगा, दर रांगेत १३, अशी ३१२ हापूस कलमं. वडिलांनी सगळी एकाच पावसात लावली, एकाच ठिकाणून आणून. वरच्या रांगा सड्यावर, म्हणजे निव्वळ कातळ, सुरुंग लावून खड्डे मारलेले. मधे उतार, तांबडी खडेगोट्यांची माती. खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला मळा, जिथे आजोबा भात करायचे.

जात एक, वय एक, खत एक, फवारणी एक. पण बाग एक नाही. वरची कलमं नोव्हेंबरअखेरीस मोहोरतात, फळ गोटीएवढं झालं की निम्मं खाली. मार्चमध्ये पानांच्या कडा करपतात. मळ्यातली कलमं डिसेंबरात खुशाल पालवी काढून बसतात, मोहोर फेब्रुवारीत, आणि फळ तयार होतं तेव्हा पाऊस दाराशी. मधली तेवढी शहाण्यासारखी वागतात.

आणि मी काय करतो? सगळ्यांना तेच घमेलं, तेच माप. कल्टारसुद्धा (पालवी रोखून मोहोर आणणारं औषध) मी एकाच मापट्याने सरसकट घातलं. परिणाम असा की वरच्या काही कलमांचे शेंडे आखडून पानांचा गुच्छ झालाय. चूक माझीच, औषधाची नाही.

तर गेल्या मे महिन्यात एका कंपनीकडून 'मृदा विविधता नकाशा' करून घेतला. द्राक्षबागांमध्ये हेच करतात म्हणाले. माणूस आला, १४ ठिकाणची माती नेली, तीन आठवड्यांनी रंगीत पीडीएफ. हिरवा, पिवळा, लाल. छपाई झकास. मग मी तो फोनवर घेऊन बागेत फिरलो. आमच्या मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) जागी 'मध्यम पालाश' आहे. विहिरीत 'मध्यम ते उत्तम सेंद्रिय कर्ब'. आणि सड्यावर दोन कलमांच्या मधे, जिथे नुसता काळा कातळ आणि त्यावर दगडफूल, तिथे जमीन 'मध्यम सुपीक'.

पैसे गेले ते गेले. प्रश्न असा की हे शास्त्रच बोगस की आपल्याकडे चुकीचं लावलं? यंदा पुन्हा करावं का, आणि कसं?

---

सड्यावरची_हवा | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

विहिरीतल्या कर्बाला _/\_

वाचतोय.

---

तासगावचा_पाहुणा | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

दादा, शास्त्र बोगस नाही. आमच्याकडे उपयोग होतो, म्हणून द्राक्षवाल्याच्या बाजूने सांगतो.

द्राक्षात ही गोष्ट गाजली ती ऑस्ट्रेलियातून. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या रॉब ब्रॅमली यांनी तोडणीच्या यंत्रावर वजनमापक आणि जीपीएस बसवून एकेका प्लॉटचं उत्पादन नकाशावर मांडलं. एकाच प्लॉटमध्ये, एकाच जातीला, कुठे हेक्टरी २ टन तर कुठे २० टन. म्हणजे दहापट! आणि खरी मेख पुढे आहे. वर्ष चांगलं असो की वाईट, जास्त देणारा कोपरा जास्तच देतो, कमी देणारा कमीच. म्हणजे कारण हवेत नाही, जमिनीत आहे. मग त्यांनी एकाच प्लॉटची तोडणी दोन भागांत करून दोन वेगळ्या वाइन केल्या. नुसता रंगीत कागद नव्हता तो, त्यातून पैसे निघाले.

मातीसाठी ते ईएम-३८ नावाचं यंत्र वापरतात. कॅनडाच्या जिओनिक्स कंपनीचं, मीटरभर लांबीची दांडी. जमिनीला न टोचता विजेचं वहन मोजतं, उभं धरलं तर साधारण दीड मीटर खोलीपर्यंतचं, आडवं धरलं तर पाऊण मीटरपर्यंतचं. मुळात ते बनलं क्षारपड जमीन ओळखायला. चिकण जास्त, ओल जास्त, क्षार जास्त, की आकडा चढतो. तिन्हीपैकी नेमकं काय वाढलं हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी खड्डे घ्यावेच लागतात. आमच्या काळ्या, चुनखडीच्या, कॅनॉलचं पाणी पिऊन क्षार वर आलेल्या जमिनीत हे छान चालतं. पण आमच्याकडेही मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा आकडे बिघडवतात, म्हणून जमल्यास मांडव उभा करायच्या आधीच फिरवून घ्यावं.

तुमच्या त्या कंपनीने यंत्र फिरवलंच नाही असं दिसतंय. १४ नमुने घेतले आणि मधली जागा संगणकाने भरली.

---

मातीमास्तर | ७ ऑक्टोबर, दुपारी १.१५

पाहुण्यांनी नेमकं बोट ठेवलंय. तीस वर्षं माती तपासण्यात गेली, आता निवृत्त, तेव्हा थोडं मास्तरकीचं बोलू द्या.

दोन नमुन्यांच्या मधली किंमत अंदाजाने भरणं हा गुन्हा नाही. पण त्यामागे एक गृहीत असतं, की माती सलग आहे आणि हळूहळू बदलते. गाळाच्या जमिनीत ते खरं. तुमच्या सड्यावर माती सलग नाहीच! प्रत्येक सुरुंगाचा खड्डा ही एक स्वतंत्र कुंडी आहे. दोन कुंड्यांमधल्या फरशीची सुपीकता काढण्यासारखं आहे ते.

आणि त्या कुंडीतली माती आली कुठून? हे कोणी विचारलं का? ती देवाने नाही भरली, तुमच्या वडिलांनी भरली. कुठल्या खड्ड्यात मळ्यातली माती, कुठल्यात उतारावरची खडी, कुठल्यात शेणखताबरोबर कचरा. ही माहिती कुठल्याच यंत्रात नाही. घरात कोणी जुनं माणूस असेल तर आजच विचारा.

दुसरं, प्रयोगशाळेच्या कागदाबद्दल. आम्ही माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतो आणि खाली पडेल तीच तपासतो. वरचे खडे फेकून देतो. आपल्या जांभ्याच्या उतारावर घमेल्यातलं निम्मं चाळणीवर राहतं. म्हणजे कागदावर 'पालाश भरपूर' आलं तरी झाडाच्या वाट्याला त्याच्या निम्मं, पाणीही निम्मं. खड्यांचं प्रमाण लिहून न देणारा अहवाल कोकणात अर्धाच समजावा.

तिसरं, मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ पासून योजना चालू आहे, चांगली आहे, पण तिची चौकट लक्षात घ्या. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्याकडे पंचवीस एकरांत सडा, उतार, मळा, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) आणि समुद्र एवढं सगळं येतं.

---

मालवणी_तिखट | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

माका तां मशीन काय कळणा नाय. पण आमच्या आजाक नकाशा नसताना ठावक होता खंयचा कलम कधी मोहोरतला. बागेत धा जाग्यांका धा नावां होती. 'ठणठणो', 'वायंगण', 'राबाचो कोपरो', 'निसरडी'. तोच नकाशा रे बाबा. आता नावां गेली आणि पीडीएफ इली.

---

मातीमास्तर | ७ ऑक्टोबर, दुपारी ४.०२

@मालवणी_तिखट, 'राबाचो कोपरो' हे फार मोलाचं सांगितलंत. जिथे वर्षानुवर्षं राब भाजला तिथे राखेमुळे पालाश जास्त आणि आम्लता कमी. जुन्या तरव्याच्या, म्हणजे राब भाजून भाताची रोपं करायच्या जागेवरचा आमचा एक नमुना असाच बाकीच्यांहून फटकून आला होता. आधी आम्हाला वाटलं पिशवी बदलली.

---

कोकणी_पण_पुण्यात | ७ ऑक्टोबर, रात्री ११.२०

उपग्रह का नाही वापरत? सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट आहेत, दर पाच दिवसांनी नवं, १० मीटरचा चौकोन. पानांच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढा, घरबसल्या नकाशा तयार. मी करून देतो, पैसे नकोत, मे महिन्यात एक पेटी पुरे.

---

गडग्याआडून | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

पेटी देईन, पण १० मीटरचा चौकोन म्हणजे आमचं एक कलम! लागवड १० बाय १० वर आहे.

---

कोकणी_पण_पुण्यात | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.३५

अरे हो की. आणि चौकोन काही तुमच्या रांगा बघून पडत नाहीत, एका चौकोनात चार कलमांचे चार तुकडे येणार. वैयक्तिक झाड नाही कळणार, पण पट्टे कळतील. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बाद. ऑक्टोबरातली घेतली तर कलमांमधलं गवतच हिरवं दिसणार. गवत वाळल्यावरची, फेब्रुवारी ते एप्रिलची बघतो. तेव्हा जे हिरवं दिसेल ते कलमाचं.

---

तासगावचा_पाहुणा | ८ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

मला एक शंका. ईएम यंत्र तुमच्या जांभ्यावर चालेल का? माती आम्ल, पावसाने धुऊन निघालेली, क्षार जवळपास नाहीतच. म्हणजे आकडे सगळीकडे तळालाच. त्यात लोहाचं प्रमाण एवढं, चुंबकीय खनिजं असतील तर वाचन हलणार. भाड्याने आणायच्या आधी विचार करा.

---

मातीमास्तर | ८ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

बरोबर शंका आहे. कोकणात ते यंत्र कुठे आणायचंच असेल तर खाजणात आणा. खाडीचं पाणी बांध फोडून कुठवर आलं होतं, नारळाच्या कुठल्या ओळीखाली मीठ आहे, ते तिथे चोख कळेल. त्यासाठीच तर ते जन्माला आलं. सड्यावर मात्र आपलं यंत्र म्हणजे पहार.

गडग्याआडून, सांगतो तसं करा. पाऊस नुकता ओसरलाय, वाफसा आहे, हीच वेळ. पाच फुटी पहार घ्या, तिच्यावर दर १५ सेंटिमीटरला रंगाची खूण करा. प्रत्येक कलमाला दोन आकडे घ्या. एक खोडापासून हातभरावर, म्हणजे खड्ड्याची खोली. दुसरा फांद्यांच्या कडेखाली चार दिशांना, म्हणजे खड्ड्याबाहेर मुळांना काय मिळतं ते. आणि तिसरा आकडा पहारीचा नाही, दोरीचा: जमिनीपासून ठरावीक उंचीवर खोडाचा घेर. सगळी कलमं एका वयाची आहेत हे तुमचं भाग्य समजा. घेर म्हणजे इतक्या वर्षांत त्या झाडाला जमिनीने काय खाऊ घातलं त्याचा हिशेब.

जीपीएसच्या नादी लागू नका. फोनचं जीपीएस मोकळ्यावर चार-पाच मीटर चुकतं, कलमाखाली त्याहून जास्त. रांग नंबर आणि झाड नंबर लिहा, ते कधी चुकत नाही.

---

कातळफूल | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ५.५०

अवांतर, पण राहवत नाही. सड्यावर नवीन सुरुंग लावायचा विचार कोणी वाचक करत असेल तर आधी कातळावरचं गवत आणि माती झाडून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं अशाच 'पडीक' सड्यांवर सापडली आहेत. बारसू, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात त्याच कातळावर जी फुलं येतात त्यांना बोटभर माती पुरते. ज्याला आपण सुपीकता शून्य म्हणतो तिथेही संसार असतो हो.

(मातीच्या धाग्यात शिरल्याबद्दल क्षमस्व.)

---

गडग्याआडून | ८ ऑक्टोबर, रात्री ८.३०

@कातळफूल ताई, क्षमा कसली. आमच्या पहिल्या रांगेपलीकडचा तुकडा आईने म्हणूनच मोकळा ठेवलाय. तिथे गुरं सोडत नाही, सुरुंगही नाही.

पहार शोधतो उद्या. शेजारी नेऊन बसलेत.

---

गडग्याआडून | १९ ऑक्टोबर, रात्री १०.१०

झालं. सहा दिवस, मी आणि भाचा. तो वहीत लिहितो, मी पहार मारतो. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी अदलाबदल.

आवाजाबद्दल सांगितलंच पाहिजे. कातळावर पहार 'ठण्ण' करते आणि मुंग्या कोपरापर्यंत येतात. खडीत 'खर्रर्र' करत वाकडीतिकडी जाते, काढताना टोकाला तांबडा भुगा. मळ्यात 'धप'. आवाजच नाही, पण बाहेर काढायला दोघं लागतात. तिसऱ्या दिवसानंतर भाचा वहीत आकडा लिहायच्या आधीच 'ठण्ण', 'खर्र', 'धप' लिहायला लागला. मी हसलो, पण आज संध्याकाळी वही मांडली तेव्हा कळलं की वर्गवारी त्यानेच करून ठेवलीय.

कुंडी: ९६ कलमं. आत खड्डा ८०-९० सेंटिमीटर, बाहेर बोटभर माती नाहीतर कातळ.
उतार: १३१. दीड ते तीन फूट, पण खडी.
मळा: ८५. पहार पूर्ण गेली.

हद्द सरळ रांगेत येत नाही ही पहिली गंमत. पूर्वेच्या गडग्याकडून चांगल्या मातीची एक जीभ वर सातव्या-आठव्या रांगेपर्यंत घुसलीय. कंपनीच्या नकाशात तिचा पत्ता नाही. गडग्यामागे चिरेखाण आहे, तिथे उभ्या कापलेल्या भिंतीत बघितलं तर तीच माती दोन पुरुष खोल दिसते. इतकी वर्षं त्या खाणीवरून जातोय!

दुसरी गंमत कुंड्यांमधली. पहिल्या तीन रांगांच्या कुंड्या आणि पुढच्या कुंड्या, खोली सारखीच, पण पहिल्या तीन रांगांचा घेर चांगला. मास्तर, तुम्ही सांगितलं तसं आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्या तीन रांगांक मळ्यातली माती घातली होती. मगे बैल आजारी पडलो, तुझ्या बापाशीन उतारावरची खडीच लोटल्यान." झालं. कंपनीला जे १४ नमुन्यांत जमलं नाही ते बैलाच्या आजारपणात निघालं.

---

मालवणी_तिखट | १९ ऑक्टोबर, रात्री १०.२५

बैलाक पण नकाशात जागा देवा.

---

तासगावचा_पाहुणा | २० ऑक्टोबर, सकाळी ७.००

जबरदस्त. पण एक आडवा प्रश्न. ३१२ कलमांना एकेक वेगळं खत घालणार का? आम्ही प्लॉटचे दोन भाग करतो, फार तर तीन. त्याहून जास्त केले तर मजूर गोंधळतो आणि मालकही.

---

मातीमास्तर | २० ऑक्टोबर, सकाळी ११.३०

तीनच. भाच्याची 'ठण्ण, खर्र, धप' ही विभागणी ठेवा. आता प्रत्येक विभागाचा वेगळा मिश्र नमुना घ्या, वरचा एक फूट आणि खालचा एक फूट वेगळा. बांध, उकिरडा, गुरं बांधायची जागा टाळा. म्हणजे सहाच पिशव्या. १४ पेक्षा कमी, आणि जास्त बोलक्या.

कृषी विद्यापीठाची दहा वर्षांवरच्या कलमासाठीची खताची शिफारस (५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश) ही सुरुवात म्हणून धरा. कुंडीत नत्र एका दमात घातलं की पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेलं समजा. ते विभागून द्या, शेणखत वाढवा. मळ्यात उलट, नत्राचा हात आखडा. तिथे आधीच पालवीचा माज आहे. स्फुरद तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, तेव्हा उधळू नका, शेणखतात कालवून मुळांजवळ द्या.

कल्टार: शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, दर मीटरला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. सरसकट मापटं नाही. आणि ती निरोगी, जोमदार झाडासाठी आहे. कुंडीतल्या झाडाची मुळं एका घनमीटरात कोंबलेली, त्यांना ताण निसर्गच देतो. नोव्हेंबरात मोहोरतंय त्या झाडाला आणखी कशाला आवळता? शेंडे आखडलेल्यांना तर दोन-तीन वर्षं हातच लावू नका. औषधाची खरी गरज मळ्याला.

---

आंबा_खंडाने_देणारा | २० ऑक्टोबर, दुपारी २.२०

एवढा उपद्व्याप करून किती पेट्या वाढणार? आमच्याकडे खंडाने देतो, घेणारा बघेल. पहार बिहार नाही.

---

गडग्याआडून | २० ऑक्टोबर, रात्री ९.००

खंडाने देणाऱ्याच्या बागेत घेणारा काय घालतो हे पुढे बागेलाच भोगावं लागतं. पण तो वेगळा धागा.

---

आंबा_खंडाने_देणारा | २० ऑक्टोबर, रात्री ९.४०

ते खरंय. कल्टार कोणी किती ओतलं आम्हालाही कळत नाही. असो, वाचतोय.

---

गडग्याआडून | २२ जानेवारी, सायंकाळी ६.४५

धागा वर काढतोय.

यंदा निम्म्या कुंडीरांगांना कल्टार मिळालंच नाही, कारण ऑगस्टात हात कमी पडला होता, मजूर पळाला. तरी मोहोर वेळेवर. त्यातल्या त्यात कल्टार न मिळालेल्यांची पानं टवटवीत. मळा अजून पालवीतच, दोन कलमं सोडून. एका हंगामावरून पताका लावत नाही, थंडी दरवर्षी वेगळी पडते.

पुणेकरांनी गेल्या मार्चमधली उपग्रहाची चित्रं लावून पाठवली. मळा आणि ती गडग्याकडची जीभ हिरवी दिसते! कुंडी आणि खडीचा उतार मात्र त्यात एकसारखाच पिवळा. वरून दोघांत फरक कळत नाही, पहारीला कळतो.

खोडांवर खुणा केल्यात. कुंडीला चुन्याचा एक पट्टा, उताराला गेरूचा, मळ्याला दोन्ही. गड्याला सांगायला सोपं: "पांढऱ्याला पाणी, लालला नंतर, दोन रंगांना अजिबात नाही."

---

तासगावचा_पाहुणा | २३ जानेवारी, सकाळी ६.३०

पाण्याचा हिशेब टाका राव. तेच ऐकायचंय.

---

गडग्याआडून | १६ मार्च, रात्री ९.२०

घ्या हिशेब. फळ वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं, मग अंड्याएवढं, अशा तीन वेळा पंधरा दिवसांच्या अंतराने कलमाला १५० ते २०० लिटर पाणी आणि बुंध्याला गवताचं आच्छादन अशी शिफारस आहे. गळ थांबते. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, म्हणजे टँकर. ३१२ कलमांना १५० लिटरने एका पाळीला ४६,८०० लिटर, ५,००० चे नऊ-दहा टँकर. म्हणून आजवर कधी दिलंच नाही, नुसतं बोलायचो. यंदा फक्त पांढऱ्या पट्ट्याच्या ९६ ना: १४,४०० लिटर, तीन टँकर. दोन पाळ्या झाल्या. खाली पडलेल्या गोट्या भाचा दर रविवारी पाच ठरलेल्या कलमांखाली मोजतो. गेल्या वर्षीचे आकडे नाहीत, तेव्हा तुलना नको. पण झाडावर बघून बरं वाटतंय.

तोडणीही वेगळी करणार. कुंडीचा आंबा आधी, वेगळ्या पेट्यांत. तापलेल्या कातळावरून येणारी झळ आणि झाडावर जास्त पिकू दिलेलं फळ, दोन्हींनी साका (फळाच्या आतला पांढरट, खराब गर) वाढतो, म्हणून तो चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडा आधी उतरवायचा. मळ्यातल्या फळात फळमाशीची भीती, तिथे सापळे आधीपासून.

---

मातीमास्तर | १६ मार्च, रात्री १०.००

पाच कलमांखालच्या गोट्या मोजणाऱ्या भाच्याला माझा नमस्कार सांगा. त्या वहीची झेरॉक्स काढून ठेवा. वाळवी नकाशा आणि वही यांत फरक करत नाही.

एक विचारायचं राहिलं. वर्गात न बसणारं एखादं कलम आहे का? नेहमी असतं.

---

गडग्याआडून | १७ मार्च, सकाळी ७.२५

आहे ना! सातवी रांग, बारावं झाड. भाचा त्याला 'सातबारा' म्हणतो. पहारीनुसार कुंडी: आत ८५, बाहेर चारही बाजूंनी 'ठण्ण'. घेर मात्र मळ्यातल्या कलमासारखा. मार्चात पान करपत नाही, आजवर पाणी न देताही गळ कमी. पांढरा पट्टा मारलाय पण मनात पटत नाही. आम्ही तीनदा मोजलं.

---

मालवणी_तिखट | १७ मार्च, सकाळी ८.००

सातबाऱ्यावर आधी कोणाचा नाव असा तां बघ. कूळ लागला असात.

---

गडग्याआडून | २९ मार्च, रात्री ८.५०

सातबाराचा निकाल लागला.

वरच्या रांगांजवळ पाण्याची टाकी बसवायचं ठरलं, टँकर तिथवर चढत नाही. चौथऱ्यासाठी जागा सपाट करताना गड्याने सातबाराच्या उत्तरेची खडी ओढली. खाली कातळ, आणि कातळात फट. मनगट जाईल एवढी रुंद, खोडाच्या बाजूने सरळ खाली गेलेली. त्यात काळी भुसभुशीत माती आणि कलमाचं मूळ, माझ्या दंडाएवढं, वळून आत शिरलेलं. वरचा सडा तापून तवा झाला होता, पण फटीत हात घातला तर माती गार लागली. मार्चअखेरीस! किती खोल आहे ते कळलं नाही. पहार सोडली तर ती मुठीपर्यंत गेली आणि पुढे काही लागलंच नाही.

आमच्या ऑक्टोबरातल्या उत्तरेच्या खुणेपासून ही फट मोजून वीतभर डावीकडे.

टाकी दुसरीकडे सरकवली.

---

मातीमास्तर | २९ मार्च, रात्री ९.१५

त्या फटीची दिशा बघा. कातळातल्या भेगा एकट्या नसतात, बहुधा एकीला समांतर दुसरी असते. दोरी लावा त्या रेषेत आणि ती आणखी कुठल्या कलमाखालून जाते ते सांगा.

---

गडग्याआडून | ३० मार्च, सकाळी ६.१०

दोरी लावली. ५/९ आणि ४/८ च्या जवळून जाते. वही काढून घेर बघितले, दोन्ही जाडच. भाचा पहार आणायला गेलाय. पण शेजाऱ्यांनी ती पुन्हा नेलीय.